वारसा दोघांना, सांधे मात्र बहिणीचे

संधिवाताचा डॉक्टर रुग्णाचा हात हातात घेतो तेव्हा पहिल्यांदा काय करतो, ते बघण्यासारखं असतं. बोटं जिथे तळहाताला मिळतात ती हाडांची ओळ तो दोन्ही कडांनी हलकेच दाबतो. हात मिळवताना पडतो तेवढाच दाब. निरोगी माणसाला त्याचं काहीच वाटत नाही. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवात, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, सुरू झाला असेल तर रुग्ण चटकन हात मागे घेतो. मग प्रश्न सुरू होतात. सकाळी उठल्यावर मूठ वळते का? वळायला किती वेळ लागतो? कणीक मळता येते का? बांगड्या चढतात का?

बांगड्यांचा प्रश्न उगाच येत नाही. या आजारात एका पुरुषामागे दोन ते तीन स्त्रिया असतात. पुण्याहून सोलापूरकडे जाताना लागणारं भिगवण आज रोहित पक्ष्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण संधिवाताच्या अभ्यासकांना ते नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन कोणाचं काय दुखतं याची विचारपूस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारातून चालणाऱ्या एका मोठ्या उपक्रमाचा तो भाग होता. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, असं त्यातून दिसलं. जगात इतरत्र हे प्रमाण अर्धा ते एक टक्का इतकं असतं, म्हणजे भिगवण त्याच पंक्तीत बसतं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. आपल्या देशाच्या लोकसंख्येला लावून पाहिला की लाखोंचा आकडा होतो आणि त्यातल्या बहुसंख्य बायका असतात.

का? ‘बायकांना कामच फार’, ‘बाळंतपणात काळजी घेतली नाही’, ‘वय झालं’ ही घरगुती उत्तरं ठरलेली असतात. या उत्तरांमुळे कितीतरी बायका सांध्याचं कायमचं नुकसान होईपर्यंत डॉक्टरांकडे पोचत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. खरं उत्तर पेशीच्या आत आहे. ते अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण जेवढं उलगडलं आहे तेवढ्यानेच थक्क व्हायला होतं.

आधी जनुकांचं बघू. आपली प्रतिकारयंत्रणा शत्रू-मित्र कसे ओळखते? पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. प्रसाद तळहातावर घेऊन पुढे करावा, तशी ती प्रथिनांचे बारीक तुकडे धरून समोर ठेवतात. गस्त घालणाऱ्या टी-पेशी येतात, तुकडा तपासतात आणि तो आपला की परका हे ठरवतात. ही एचएलए प्रथिनं घडवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसांत त्यांचे अक्षरशः हजारो प्रकार आहेत. १९७०च्या दशकात पीटर स्टॅस्टनी यांना दिसलं की संधिवाताच्या रुग्णांत यातला एक विशिष्ट प्रकार वारंवार सापडतो. १९८७ साली पीटर ग्रेगरसन, जॅक सिल्व्हर आणि रॉबर्ट विंचेस्टर यांनी त्याच्याही पुढची गोष्ट दाखवली. धोका वाढवणारे एचएलए प्रकार एकाहून अधिक आहेत, पण त्या सगळ्यांत एक छोटासा भाग जवळपास सारखा आहे. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात ७० ते ७४ या क्रमांकांवरची फक्त पाच.

पाच अमिनो आम्लांनी एवढं काय बिघडतं? हे अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. एचएलएच्या मध्यभागी एक खाच असते, तुकडा तिथेच बसतो. धोक्याच्या प्रकारांत या खाचेच्या एका कप्प्यावर धन विद्युतभार असतो. आर्जिनिन हे अमिनो आम्लही धनभारितच, त्यामुळे ज्या तुकड्यात नेमक्या त्या जागी आर्जिनिन येतं तो तिथे नीट बसत नाही. आता शरीरात जिथे दाह असतो, सिगारेटच्या धुराने भाजलेल्या फुप्फुसात किंवा सुजलेल्या हिरड्यांत, तिथे काही एन्झाइमं आर्जिनिनचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. सिट्रुलिनवर भार नसतो. बदललेला तुकडा खाचेत चपखल बसतो, टी-पेशींसमोर येतो, आणि त्यांनी तो आधी कधीच पाहिलेला नसतो. शरीराचंच प्रथिन, पण परकं ठरतं. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. रक्ततपासणीच्या कागदावर ‘अँटी-सीसीपी’ म्हणून छापून येतात ती हीच. हॉलंडमधल्या रक्तदात्यांचे जपून ठेवलेले नमुने मागाहून तपासले तेव्हा कळलं की पहिला सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून ती रक्तात फिरत असतात.

धूम्रपानाचा संबंध इथेच जुळतो. लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली स्वीडनमधून मांडलेली आकडेवारी थरारक आहे. आईवडील दोघांकडूनही धोक्याचं जनुक आलेलं आणि वर धूम्रपान, अशा माणसाला अँटी-सीसीपी असलेला संधिवात होण्याची शक्यता ते जनुक नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या २१ पट.

एचएलए हा सगळ्यांत मोठा वाटेकरी, पण एकटा नव्हे. २०१४ साली युकिनोरी ओकाडा यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय चमूने सुमारे तीस हजार रुग्ण आणि सत्तर हजारांहून अधिक निरोगी माणसं तपासून जनुकसंचातल्या १०१ जागांवर बोट ठेवलं. आता खरं कोडं सुरू होतं, कारण या जागा जवळपास सगळ्या साध्या गुणसूत्रांवर आहेत. साधी म्हणजे स्त्री-पुरुष दोघांकडेही सारखीच असणारी. सहाव्या गुणसूत्राची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, मुलगा असो वा मुलगी. लोकसंख्येत ही धोक्याची जनुकं पुरुषांमध्येही तितकीच पसरलेली आहेत. बहीण-भावाला एकच वारसा मिळू शकतो, आणि भारतात विडी-सिगारेट तर भावाच्याच हातात जास्त दिसते. तरी आजारी पडण्याची शक्यता बहिणीची दुप्पट-तिप्पट.

हॉर्मोनांकडे सगळ्यांचं लक्ष आधी जातं आणि त्यांचा हात आहेच. पण नुसत्या इस्ट्रोजेनवर सगळं ढकलता येत नाही, कारण हा आजार स्त्रियांना गाठतो तो बऱ्याचदा पाळी जाण्याच्या आगेमागे, जेव्हा इस्ट्रोजेन उतरणीला लागलेलं असतं. मग उरतं ते एक गुणसूत्र, ज्याच्या स्त्रीकडे दोन प्रती असतात आणि पुरुषाकडे एकच.

एक्स गुणसूत्रावर प्रथिनं घडवणारी आठशेहून अधिक जनुकं आहेत. प्रतिकारशक्तीशी नातं असलेल्या जनुकांची त्यावर चांगलीच दाटी आहे. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावर त्या मानाने फारच थोडी. आता स्त्रीच्या पेशीत दोन्ही एक्स पूर्ण जोमाने काम करू लागले तर या प्रथिनांचं उत्पादन पुरुषाच्या दुप्पट होईल. हे घडत नाही, कारण एक एक्स बंद केला जातो. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी इवार्ट बर्ट्रॅम मांजरांच्या मेंदूतल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. काही पेशींच्या केंद्रकात त्यांना एक गडद ठिपका दिसला. तो फक्त मांजरींच्या पेशींत होता, बोक्यांच्या नाही. तो ठिपका म्हणजे गुंडाळी करून गप्प बसवलेला एक्स. १९६१ साली इंग्लंडमध्ये उंदरांवर काम करणाऱ्या मेरी लायन यांनी त्यामागचा नियम मांडला. भ्रूण अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकी एक निवडून बंद करते. कुठला, ते त्या पेशीच्या नशिबावर. एका पेशीत वडिलांचा बंद, शेजारच्या पेशीत आईचा. आणि एकदा निवड झाली की त्या पेशीच्या सगळ्या लेकीबाळी तीच पाळतात.

याचा पुरावा आपल्या गल्लीत फिरत असतो. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी डाग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर आहे. काळा डाग असलेल्या कातडीत एक एक्स चालू आहे, नारिंगी डागात दुसरा. प्रत्येक स्त्री अशीच दोन प्रकारच्या पेशींची मिळून बनलेली असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तिच्या यकृतात, मेंदूत, रक्तात काही पेशी आईच्या एक्सवर चालतात, काही वडिलांच्या. पुरुषाच्या प्रत्येक पेशीत मात्र आईचा तो एकच एक्स. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

पण ‘बंद’ म्हणजे कडेकोट बंद नव्हे. बंद एक्सवरची साधारण १५ टक्के जनुकं नेहमीच निसटतात आणि थोडंफार काम करत राहतात. आणखी काही एखाद्या स्त्रीत निसटतात, दुसरीत नाही. टीएलआर-७ हे जनुक विषाणूंचा आरएनए हुंगून धोक्याची सूचना देतं. २०१८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्त्रियांच्या कित्येक प्रतिकारपेशींत त्याच्या दोन्ही प्रती चालू असतात. मोंत्सेरात अँगेरा यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली याहून चकित करणारी गोष्ट सांगितली होती. एक्स बंद करण्याचं काम झिस्ट नावाचा एक लांबलचक आरएनए करतो. तो त्या गुणसूत्राला गुंडाळून बसतो आणि इतर पेशींत एकदा बसला की हलत नाही. पण विश्रांती घेत असलेल्या टी आणि बी पेशींत तो गुणसूत्रावरून विखुरलेला दिसतो, आणि पेशी कामाला लागली की परत येतो. म्हणजे नेमक्या प्रतिकारपेशींतच एक्सवरचा पहारा सैल. स्त्रियांच्या शरीरात लसीनंतर प्रतिपिंडं जोमाने तयार होतात, कित्येक संसर्गांशी त्या अधिक चिवटपणे झुंजतात. त्याच सज्जतेची ही दुसरी बाजू असावी, असं मला वाटतं.

२०२४ साली झिस्टची आणखी एक बाजू पुढे आली. स्टॅनफर्डमध्ये हॉवर्ड चँग यांच्या प्रयोगशाळेत डायना डाऊ आणि सहकाऱ्यांनी विचार केला तो असा. झिस्ट एकटा नसतो, डझनावारी प्रथिनं त्याला चिकटलेली असतात. पेशी फुटली की हा सगळा गठ्ठा बाहेर पडतो. प्रतिकारयंत्रणा त्याच्यावरच तर चिडत नसेल? पुरुषांच्या पेशी झिस्ट बनवतच नाहीत. मग त्यांनी नर उंदरांत झिस्टचं असं रूप घातलं, जे गुणसूत्राला गप्प बसवत नाही, पण प्रथिनं मात्र गोळा करतं. आजाराकडे झुकणाऱ्या वाणाच्या त्या नरांना चिथावणी देणारं रसायन टोचल्यावर ल्युपससारखा आजार झाला, तोही जवळपास माद्यांइतका तीव्र. नराच्या अंगात ना दुसरा एक्स होता, ना मादीची हॉर्मोनं. होता तो फक्त हा एक आरएनए.

ल्युपस हा संधिवाताचाच नातलग आजार, आणि तिथे दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. एक्सचा पुरावा तिथे सगळ्यांत भक्कम आहे. एक्स-एक्स-वाय अशी गुणसूत्रं घेऊन जन्मलेल्या पुरुषांना ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट, म्हणजे जवळपास स्त्रियांइतकाच असतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात चित्र इतकं लख्ख नाही. तरी २०१२ साली एक्सवरच्या आयरॅक-१ या जनुकाजवळ या आजाराशी जोडलेली जागा सापडली, आणि आयरॅक-१ हे टीएलआर-७कडून आलेला संदेश पुढे नेणाऱ्या साखळीतलंच एक आहे.

पुरुषांना हा आजार होतच नाही असं अर्थातच नाही. फ्रेंच चित्रकार रेन्वार याची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती आणि तरी तो शेवटपर्यंत रंगवत राहिला. आनुवंशिकीत एक जुना विचार आहे. एखादा आजार ज्यांना क्वचित होतो, त्यांना तो होण्यासाठी जनुकांचा भार अधिक लागतो. सेड्रिक कार्टर यांनी तो तान्ह्या बाळांच्या जठराच्या एका विकारावरून मांडला होता. तो विकार मुलग्यांत जास्त दिसतो, पण तो झालेल्या मुली पुढे आई झाल्या की त्यांच्या बाळांना त्याचा धोका मुलग्यांच्या बाळांपेक्षा अधिक. संधिवातातही असं असेल का, हे तपासून पाहिलं गेलं आणि निष्कर्ष उलटसुलट आले.

आता गर्भारपणाकडे वळतो, कारण माझ्या मते या कथेतला सगळ्यांत विलक्षण भाग तिथे आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. संधिवाताच्या बायका गर्भार राहिल्या की त्यांचे सांधे मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत आजार परत उसळतो, हे त्यांनी टिपलं आणि १९३८ साली प्रसिद्ध केलं. शरीरातच कुठलंतरी औषध तयार होत असणार, या ध्यासाने ते पुढे शोधत राहिले. सप्टेंबर १९४८मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला एडवर्ड केंडाल यांनी वेगळं केलेलं एक हॉर्मोन टोचलं गेलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. ते कॉर्टिझोन. १९५० साली हेंच, केंडाल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. आज जगभर घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळीमागे बायकांच्या गर्भारपणाचं हे निरीक्षण आहे, आणि ते फारसं कोणाला माहीत नाही याची मला खंत वाटते.

पण कॉर्टिझोनने सगळं उलगडलं नाही. गर्भारपणात निम्म्याहून अधिक जणींना आराम पडतो, बाकीच्यांना का नाही? सिअ‍ॅटलच्या ली नेल्सन यांनी १९९३ साली आईचं आणि बाळाचं एचएलए ताडून पाहिलं. बाळाचं अर्धं एचएलए वडिलांकडून आलेलं, म्हणजे आईसाठी परकं. एकूण ४६ गर्भारपणं तपासली. आजार निवळला किंवा कमी झाला अशा ३४ गर्भारपणांपैकी २६मध्ये बाळाचं एचएलए आईहून वेगळं होतं. आजार तसाच राहिला अशा १२पैकी फक्त तिघांत. बाळ जितकं परकं, तितका आईला आराम! नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा संबंध इतका ठळक दिसला नाही, पण तो प्रश्न मात्र मागे लागला.

बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात शिरतात आणि आईच्या बाळात. बाळंतपणानंतरही त्या सगळ्या नाहीशा होत नाहीत. डायना बियांकी यांना १९९६ साली एका आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या, मुलगा जन्मल्यावर तब्बल २७ वर्षांनी. मग २००९ साली नेल्सन यांच्या गटाने एक भन्नाट प्रश्न विचारला. ज्या स्त्रियांच्या स्वतःच्या जनुकांत संधिवाताचं ते कुप्रसिद्ध एचएलए नाहीच, त्यांना संधिवात का होतो? त्यांच्या रक्तात दुसऱ्या कोणाच्या तरी पेशींबरोबर ते आलेलं असेल का? डीआर-४ या धोक्याच्या प्रकाराच्या उसन्या पेशी अशा आजारी स्त्रियांपैकी ४२ टक्क्यांत सापडल्या, निरोगी स्त्रियांपैकी फक्त ८ टक्क्यांत. म्हणजे जनुक तिला वारशाने मिळालेलं नाही, पण तिच्या मुलाला त्याच्या वडिलांकडून मिळालं, किंवा तिच्या आईकडे होतं, आणि त्यांच्या मूठभर पेशी तिच्या अंगात वस्तीला आहेत.

आणि ही देवाणघेवाण उलटही चालते. एचएलएच्या त्याच ७० ते ७४ या जागांवर वेगळी पाच अमिनो आम्लं असलेला एक प्रकार संधिवातापासून संरक्षण देतो. २००७ साली लायडनच्या शास्त्रज्ञांना दिसलं की आईकडे तो प्रकार असेल, तर तिच्याकडून तो वारशात न मिळालेल्या अपत्यालाही संधिवाताचा धोका कमी असतो. आईने जनुक दिलं नाही, तरी त्याची छाया दिली.

जुळ्यांचे आकडे या सगळ्याच्या उजेडात पुन्हा बघावेत असे आहेत. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ते ४ टक्के. जनुकांचा वाटा त्यातून दिसतोच. पण एकसारख्या जुळ्या बहिणी मुळात किती एकसारख्या? दोघींच्या पेशींनी कुठला एक्स बंद ठेवायचा ते आपापलं ठरवलेलं असतं. दोघींच्या बाळांनी त्यांच्या रक्तात वेगवेगळ्या पेशी मागे ठेवलेल्या असतात. डीएनएच्या चाचणीत तंतोतंत जुळणाऱ्या दोन स्त्रियांची प्रतिकारयंत्रणा एकसारखी असेलच असं नाही.

म्हणून संधिवात असलेल्या आईची मुलगी ‘मलाही होईल का?’ असं विचारते, तेव्हा जनुकाची चाचणी करून तिला उत्तर देता येत नाही. धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त आहे एवढंच सांगता येतं. धोक्याचं एचएलए घेऊन जगणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना हा आजार कधीच होत नाही. तिच्या हातात आहे ते तंबाखूपासून लांब राहणं आणि हिरड्या निरोगी ठेवणं. बोटांची सूज आणि सकाळचा ताठरपणा काही आठवडे हटला नाही, तर ‘कामाने दुखत असेल’ म्हणणाऱ्यांचं न ऐकता तिने ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जावं. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात.